आधी मैदान, मग क्लब

क्रिकेटचा क्लब काढायला काय लागते? आपल्याकडे बहुतेक जण सांगतील, अकरा पोरे, दोन बॅटी आणि वर्गणीसाठी दारोदार फिरणारा एखादा चिवट चिटणीस. ही यादी मला नेहमीच अपुरी वाटत आली आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिच्यात राहून जाते, ती म्हणजे खेळायला जागा. मरीन ड्राइव्हवरून जाताना समुद्राकडे पाठ करून उभे राहिले, तर रस्ता आणि लोकलचे रूळ यांच्यामध्ये जिमखान्यांची हिरवी मैदाने दिसतात. त्यातल्या पारशी जिमखान्याची कहाणी म्हणजे या जागेचीच कहाणी आहे.

तिची सुरुवात मोठी गमतीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गोरे सोल्जर आणि अधिकारी क्रिकेट खेळत. फोर्टात राहणारी पारशी मुले ते पाहत आणि मग त्याची नक्कल करत. उंच हॅटी उभ्या करून त्यांच्या विकेटा व्हायच्या, छत्रीची बॅट व्हायची आणि चिंध्या भरून मोच्याकडून शिवून घेतलेला चेंडू गोल सोडून कसल्याही आकाराचा असायचा. पण नक्कल करता करता खेळ अंगात मुरला. १८४८ मध्ये या मुलांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. हा हिंदी लोकांचा पहिला क्रिकेट क्लब मानला जातो. तो दोनच वर्षे टिकला, पण लगेच १८५० मध्ये झोरास्ट्रियन क्लब निघाला आणि मग क्लबांचे पेवच फुटले. मार्स, ज्युपिटर, स्पार्टन, ग्लॅडिएटर अशी त्यांची नावे. खेळ साहेबाचा, खेळाडू पारशी आणि देव मात्र रोमचे!

पारशांचे पाहून इतरांनाही हुरूप आला. १८६६ मध्ये हिंदूंचा बॉम्बे युनियन हा क्लब निघाला. पुढे सारस्वतांचा वेगळा, क्षत्रियांचा वेगळा, गुजराथ्यांचा वेगळा असे क्लब निघत गेले. मुंबईत आलेला माणूस आधी आपल्या जातीचे, आपल्या गावचे बिऱ्हाड शोधायचा. क्रिकेटनेही तीच वहिवाट उचलली.

हे सगळे क्लब खेळत होते ते एकाच मैदानावर आणि तिथेच ठिणगी पडली. १८७५ मध्ये युरोपियनांनी बॉम्बे जिमखाना स्थापन केला. त्यात हिंदी माणसाला प्रवेश नव्हता. मैदानाचा चांगला, राखलेला भाग जिमखान्याकडे आणि उरलेल्या भागात शेकडो हिंदी पोरे, अशी वाटणी झाली. त्यात गोऱ्या साहेबांना पोलोचा नाद लागला. पोलोचे घोडे जिमखान्याच्या खेळपट्टीवर जात नसत, ते दौडत हिंदी पोरांच्या जागेवर. टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू कुठून कसा उडेल याचा नेम राहिना. खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले. एकदा तर सरकारने पोलो दुसरीकडे हलवायला सांगितले, पण थोड्याच काळात तो निर्णय फिरला. या लढ्यात पुढे असलेल्या शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला, तेव्हा पुस्तकाच्या नावातच ‘युरोपियन पोलो विरुद्ध देशी क्रिकेट’ हे भांडण घातले. मला या गोष्टीचे फार कौतुक वाटते. काँग्रेसची स्थापना व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे. मुंबईतले कारकून, व्यापारी आणि विद्यार्थी सरकारदरबारी शांतपणे विचारत होते, की हे मैदान कुणाचे?

मैदान परत मिळाले नाही, पण दुसरी जागा मिळाली. १८८५ मध्ये पारशी जिमखाना स्थापन झाला आणि दोन वर्षांनी तो केनेडी सी-फेसवर आला. आजचा मरीन ड्राइव्ह तेव्हा अजून जन्माला यायचा होता. दरम्यान १८८६ मध्ये पारशांचा संघ इंग्लंडला जाऊनही आला. अठ्ठावीस सामन्यांत एकच जिंकला आणि एकोणीस हरला! पण पोरे खचली नाहीत. १८८८ मध्ये दुसरा संघ गेला, त्याने एकतीस सामन्यांपैकी आठ जिंकले आणि मेहेलाशा पावरी या गोलंदाजाने दीडशेहून अधिक बळी घेतले. १८९० च्या जानेवारीत व्हर्ननचा इंग्लिश संघ मुंबईत आला. ज्या बॉम्बे जिमखान्यात पारशाला सभासद होता येत नव्हते, त्याच्याच मैदानावर पारशांनी त्या संघाला चार गडी राखून हरवले. त्या दिवशी मैदानाभोवती उभ्या असलेल्या पारशी म्हाताऱ्यांना घोड्यांच्या टापा नक्कीच आठवल्या असतील.

इथवरची गोष्ट ऐकताना छाती फुगते. पुढची मात्र जरा जपून ऐकावी लागते. पारशांना जागा मिळाली तशी मुसलमानांना आणि हिंदूंनाही समुद्राकाठीच मिळाली. हिंदू जिमखान्याच्या इमारतीचे उद्घाटन १८९४ मध्ये गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांनी केले. जागा देताना सरकारने धर्माप्रमाणे कुंपणेही घालून दिली आणि आपण ती आनंदाने घेतली. सामनेही त्याच हिशेबाने होऊ लागले. १९०७ मध्ये तिरंगी, १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी. सामन्याच्या दिवसांत सारी मुंबई कामधाम विसरायची.

कुंपणाच्या आतही कुंपण होते. पळवणकर बाळूंचे नाव आता पुष्कळांना माहीत आहे. चर्मकार कुटुंबातल्या या मुलाला क्रिकेटच्या मैदानावरची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या एका क्लबात मिळाली. पगार महिना तीन रुपये आणि काम खेळपट्टी झाडण्या-लोटण्याचे. पुढे त्यांची डावखुरी फिरकी हिंदूंच्या संघाला हवीहवीशी झाली. मैदानावर त्यांच्या हातातला चेंडू सगळ्यांना चालायचा, पण चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यातून मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. ते १९२३ मध्ये मिळाले त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना. क्लब ‘आपला’ म्हणताना त्या ‘आपल्या’त कोण कोण येते, हा प्रश्न या घराण्याने मैदानावर उभे राहून विचारला.

पुढे १९४० मध्ये खुद्द गांधीजींनी धर्मावर बेतलेल्या या सामन्यांबद्दल नापसंती सांगितली आणि १९४६ नंतर पंचरंगी सामने बंद झाले. ते बरेच झाले. पण सामने गेले तरी क्लब गेले नाहीत, याचेही मला तितकेच बरे वाटते.

पारशी क्रिकेटने नंतरही देशाला सोलापूरला जन्मलेले पॉली उम्रीगर दिले, नरी कॉन्ट्रॅक्टर दिले, फरुख इंजिनियर दिले. समाज मात्र आक्रसत गेला. इंजिनियर शेवटची कसोटी १९७५ मध्ये खेळले आणि त्यानंतर भारताच्या पुरुषांच्या कसोटी संघात पारशी नाव आले नाही. अशा वेळी जिमखान्याने काय करायचे? मैदानाला कुलूप लावून जुन्या तसबिरी पुसत बसायचे, की फाटक उघडायचे? उत्तर धावफलकावर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पोलीस शील्डच्या अंतिम सामन्यात पारशी जिमखान्याच्या एका फलंदाजाने १५२ चेंडूंत २४९ धावा कुटल्या. त्याचे नाव सूर्यकुमार यादव.

शापूरजींनी हे पाहिले असते तर त्यांना काय वाटले असते? मला वाटते, ते खूश झाले असते. त्यांनी भांडण केले होते ते पोरांना खेळायला धड जमीन मिळावी म्हणून. आपल्या गल्लीजवळचे मोकळे मैदान कधी गाड्यांच्या पार्किंगखाली जाते, कधी लग्नाच्या मांडवाखाली. तेव्हा घोडे दिसत होते, टापा ऐकू येत होत्या, म्हणून अर्ज तरी झाले. आताच्या टापा ऐकू येत नाहीत, एवढाच फरक. आपल्या भागातल्या क्लबाचा चिटणीस पुढच्या खेपेला वर्गणीला येईल तेव्हा पावती फाडून घ्याच, पण त्याला हेही विचारा, मैदान शाबूत आहे ना?