टिटवीचे पिल्लू
चैत्रात हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाकाठी टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, की आधी पायांखाली पाहावे. खड्या-ढेकळांत पिल्लू दबून बसलेले असते. साळुंकीचे पिल्लू आंधळे, उघडे जन्मते. टिटवीच्या पिल्लाचे डोळे उघडे, अंगावर लव. काही तासांतच ते चालू लागते. कारण टिटवीची अंडी सुमारे चार आठवडे उबवली जातात, साळुंकीची दोन-अडीच. शिवाय टिटवीच्या अंड्यात बलकाची शिदोरी मोठी. किडे ते स्वतःच टिपते. आईबाप ऊब देतात, राखण करतात. त्यांची धोक्याची हाक ऐकताच ते निपचित पडते आणि मुले ‘पोरके’ समजून उचलतात. आमच्या वर्गात असे आणलेले पिल्लू संध्याकाळपर्यंत गेले. ते तिथेच ठेवून लांब जावे. टिटवी शांत झाली, की पिल्लू आपोआप उठते.