इंग्रजी घोकून येत नाही!

स्वारगेट परिसरातील एका वस्तीत आम्ही गेलो होतो. सेमी-इंग्रजीत शिकणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने 'इव्हॅपोरेशन'ची व्याख्या न अडखळता म्हणून दाखविली. दोरीवरचे ओले कपडे कसे वाळतात, असे विचारले. ती म्हणाली, "उन्हानं पाणी उडून जातं." उत्तर बरोबर होते. पण यालाच 'इव्हॅपोरेशन' म्हणतात, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते!

याच पुण्यात राहून सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. २००० साली राज्य शासनाने पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. दार उघडले, हे चांगलेच झाले. पण आमची मुले इंग्रजीच्या तासाला कविता पाठ करतात आणि विज्ञानाच्या तासाला व्याख्या. समजून घेणार कधी?

आमचे म्हणणे असे की, विज्ञान-गणिताचा तास हाच इंग्रजीचाही तास झाला पाहिजे. शिक्षकांनी वर्गात पाणी तापवावे, वर थंड झाकण धरावे. काय दिसले, ते मुलांना मराठीत बोलू द्यावे. मग फळ्यावर तीनच शब्द लिहावेत : हीट, व्हेपर, ड्रॉप. एक अर्धे वाक्य द्यावे, मुलांनी ते पूर्ण करावे. त्यानंतर पुस्तकातला उतारा वाचावा आणि शेवटी स्वतःची चार वाक्ये लिहावीत. अर्थ आधी कळला की शब्द डोक्यात टिकतो.

गणिताचेही तेच. स्वारगेटहून साताऱ्याला सुटणाऱ्या एसटीची वेळ आणि अंतर घेतले, तर वेगाचे गणितही होते आणि 'फ्रॉम', 'टू', 'बिफोर', 'आफ्टर' हे शब्दही पक्के होतात. अनेक मुले बेरीज-गुणाकारात चुकत नाहीत. प्रश्नाची भाषाच त्यांना कळत नाही. आणि आपण त्यांना गणितात कच्चे ठरवून मोकळे होतो!

ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जाते, ज्यांना शिकवणी परवडते, त्यांचे कसेही निभावते. हमालाच्या, धुणीभांडी करणाऱ्या आईच्या, सफाई कामगाराच्या मुलाला मात्र वर्गाबाहेर दुसरा आधार नाही. म्हणून महापालिकेने आपल्या शाळांतील विज्ञान-गणिताच्या शिक्षकांनाही भाषा शिकविण्याचे प्रशिक्षण द्यावे. पालकांनीही शाळेत जाऊन केवळ गुण विचारू नयेत. मुलाला काय समजले, ते विचारावे.

बाबासाहेबांनी आम्हाला शिका म्हटले; घोका म्हटले नाही.