बशीतील पेशी आणि उतारवयाचे डोळे

सुभेदार नारो शंकरांच्या काळापासून झाशीत मराठी घराणी नांदत आली आहेत. वाचकहो, अशा एखाद्या घरातील आजोबांना किल्ल्याच्या तटाची सरळ कड वाकडी दिसू लागली, अथवा समोरच्याचे कान दिसतात पण नाक दिसत नाही असे ते म्हणू लागले, तर मोतीबिंदू समजून स्वस्थ बसू नका. त्यांना त्वरित नेत्रतज्ज्ञाकडे न्या. हा बहुधा मॅक्युलर डीजनरेशन, म्हणजे दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजविणारा वार्धक्यातील विकार असतो.

त्याचा अभ्यास मोठा कठीण. तपासणीसाठी आपल्या दृष्टिपटलाचा तुकडा कोण कापून देईल? जपानच्या शिन्या यामानाका यांनी प्रौढ पेशींना मूलपेशींचे रूप दिले, २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या, तेव्हा वाट सापडली. आता रुग्णाच्याच त्वचेपासून दृष्टिपटलाला पोसणाऱ्या रंगद्रव्य-पेशी काचेच्या बशीत वाढविता येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेत भारतीय वंशाचे कपिल भारती व त्यांचे सहकारी यांनी अशा पेशींवर मानवी रक्तातील द्रव घातला. एरवी रोगजंतूंशी लढणारी त्यातील 'पूरक' प्रथिने या पेशींवरच उलटली आणि रोग्याच्या डोळ्यात आढळतो तसा मेदाचा गाळ साचला! दोन औषधांनी ही हानी रोखल्याचे त्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक रक्तस्राव थांबविण्यासाठी पूर्वीपासून वापरात आहे.

अर्थात हे बशीत घडले. बशीतल्या पेशींनी सत्तर वर्षांचे ऊन आणि विडीचा धूर सोसलेला नसतो. तेव्हा मूलपेशींची सुई टोचून दृष्टी परत आणण्याची जाहिरात कोणी दाखविली, तर एवढे स्मरणात असू द्या: २०१५ साली अमेरिकेतील फ्लोरिडात याच विकाराच्या तीन स्त्रियांनी पोटाच्या चरबीतील पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या, आणि होती ती दृष्टीही बव्हंशी गमावली.