नवीन क्लच बसवला तरी गिअर पडत नाही? गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याआधी हे वाचा

स्वतःचं गॅरेज टाकायच्या तयारीत असलेल्यांसाठी आज एका अशा कामाबद्दल बोलू, ज्यात कमावलेली मजुरी एका दिवसात परत जाऊ शकते.

तुम्ही एका गाडीचा क्लच बदलला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळं नवीन. गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं आणि संध्याकाळी परत दारात हजर. "अहो, पहिला गिअर पडत नाहीये, रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येतोय." म्हणजे पेडल तळापर्यंत दाबलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही. प्लेट फ्लायव्हीलला थोडी घासत राहते आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो.

या क्षणी नवखा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. पहिली, "नवीन आहे, चालवा, सेट होईल" असं सांगून गिऱ्हाईकाला वाटेला लावतो. मित्रांनो, हे सांगू नका. नवीन प्लेटला नीट पकड घ्यायला थोडे दिवस लागतात हे खरं, पण न सुटणारा क्लच तसाच चालवला तर मार गिअरच्या दातांना आणि सिंक्रो रिंगला बसतो. आठवड्याने गाडी परत येईल तेव्हा बिल गिअरबॉक्सचं असेल, आणि ते कोणी भरायचं यावर भांडण होईल.

दुसरी गोष्ट, घाबरून लगेच गिअरबॉक्स खाली घेतो. जरा हिशोब करा. समजा क्लच बदलायची तुमची मजुरी 2,500 रुपये आहे आणि कामाला एका माणसाचा एक दिवस जातो. दुसऱ्यांदा तेच काम फुकट केलं, तर त्याच 2,500 रुपयांत दोन दिवस गेले. वर जागा अडली, आणि त्या जागेवर येणारी गाडी शेजारच्या गॅरेजात गेली ती वेगळीच. एवढं करून दोष बाहेर केबलमध्येच निघाला तर?

म्हणून आधी दहा मिनिटं गाडीपाशी शांतपणे घालवा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीतही अडकत असतील, तर क्लचच्या मागे लागू नका. गिअरबॉक्स उतरवताना सोडलेली गिअरची केबल किंवा लिंक नीट बसली नसेल. बंद गाडीत गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत अडतात, तेव्हाच संशय क्लचवर घ्यायचा. खात्रीसाठी गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, समोर-मागे कोणी नाही हे बघा. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लचची खोट तिथे आधी बोलते.

आता पेडलकडे या. हसू नका, पण आधी पायाखालचं मॅट काढा. हल्ली सगळ्यांना जाड मॅट हवं असतं, आणि ते पेडलखाली गोळा झालं की पेडल तळाला टेकतच नाही.

मॅट ठीक असेल तर गाडीचा क्लच केबलचा आहे की हायड्रॉलिक, ते बघा. मारुती 800, अल्टो अशा गाड्या केबलवाल्या. इथला प्रकार नीट समजून घ्या, कारण तो फार वेळा घडतो. प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटं रिलीज बेअरिंगच्या दिशेने बाहेर सरकतात आणि पेडलचा फ्री प्ले कमी होतो. म्हणून आधीच्या मेकॅनिकने वेळोवेळी केबलचा नट सैल केलेला असतो. तुम्ही नवीन, जाड प्लेट टाकली की बोटं पुन्हा आत जातात, पण नट जुन्याच जागी राहतो. मग पेडलची अर्धी चाल नुसता लूज खाण्यातच जाते. नट आवळून फ्री प्ले कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मापावर आणा. पाच मिनिटांचं काम आहे. मात्र अजिबात फ्री प्ले न ठेवता आवळू नका, नाहीतर बेअरिंग सतत दाबलेलं राहील आणि क्लच स्लिप होईल. केबल जुनी असेल, आतल्या तारा तुटत आल्या असतील, तर ती बदलायला आधीच सुचवायला हवी.

हायड्रॉलिक गाडीत पेडल चार-पाच वेळा भराभर पंप करा आणि लगेच गिअर टाका. आता गिअर सहज पडला, तर बहुतेक लाइनमध्ये हवा आहे. ती काढा, आणि ऑइल डब्याच्या झाकणावर लिहिलंय तेच वापरा. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल किंवा गाडी पुन्हा पुढे सरकू पाहत असेल, तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय. स्लेव्ह सिलिंडरचं रबर उचलून बघा, आत ओल दिसली की उत्तर मिळालं.

आणि आता निर्णयाची जागा. इंजिन बंद करून एकाला पेडल दाबायला बसवा आणि तुम्ही खालून क्लचच्या फोर्कचा दांडा बघा. दांडा कमी हलतोय, तर दोष बाहेर आहे, गिअरबॉक्सला हात लावू नका. दांडा पूर्ण चाल घेतोय आणि तरी क्लच सुटत नाही, तर दोष आत आहे. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आतच असतो, तिथे ही तपासणी करता येत नाही.

आत गेलात तर काय सापडतं? सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे उलटी बसलेली प्लेट. कोणती बाजू फ्लायव्हीलकडे हे बहुतेक प्लेटवर छापलेलं असतं, पण घाईत कोण वाचतो! दुसरं म्हणजे वाकलेली प्लेट. गिअरबॉक्स चढवताना हात दमला की त्याचं वजन शाफ्टवरून प्लेटच्या मध्यावर लटकतं. एकदा लटकलं की नवी प्लेट संपली. यासाठीच गिअरबॉक्स जॅक आणि प्लेट मध्यावर धरणारा डमी शाफ्ट हवा. गॅरेज टाकताना पैसे कमी असले तर रंगीत बोर्ड नंतर करा, ही दोन हत्यारं आधी घ्या. शिवाय शाफ्टच्या खाचांवर गंज, प्रेशर प्लेटचे बोल्ट एका बाजूने आवळणं, किंवा पार्टच चुकीच्या मॉडेलचा, हेही सापडतं. जुनी प्लेट गिऱ्हाईकाला लगेच देऊ नका, दोन दिवस ठेवा. नव्या प्लेटशेजारी ठेवून व्यास आणि खाचांची संख्या जुळते का बघता येतं.

पैशाचं काय? बसवण्यात तुमची चूक निघाली, तर मजुरी आणि खराब झालेली प्लेट दोन्ही तुमच्या खिशातून. गिऱ्हाईकाने बाहेरून आणलेला पार्ट खराब निघाला, तर दुसऱ्यांदा लागणारी मजुरी त्याची. पण हे "पार्ट गिऱ्हाईकाचा, मजुरीची हमी फक्त बसवण्याची" असं जॉब कार्डवर लिहून आधी सही घेतली असेल तरच मागता येतं. जुना मास्टर सिलिंडर नेमका आत्ता गेला असेल, तर गिऱ्हाईकाला खाली वाकायला लावून गळती दाखवा, मगच आकडा सांगा. आणि पुढच्या गाडीपासून जॉब कार्डवर एक ओळ वाढवा: डिलिव्हरीआधी वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये चालवली, गरम इंजिनावर तीन वेळा रिव्हर्स टाकून पाहिला. त्यापुढे, ज्याने गाडी चालवली त्याची सही.