सेकंद की मिलिसेकंद?

भूकंपमापकाची नोंद पडद्यावर सलग रेषेसारखी दिसते, पण मुळात ती ठरावीक अंतराने घेतलेल्या नमुन्यांची, म्हणजे आकड्यांची रांग असते. सेकंदाला १०० नमुने हा नेहमीचा वेग. दोन नमुन्यांत ०.०१ सेकंद, अर्थात १० मिलिसेकंद. बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागाला या यंत्राची ओळख नवी नाही. १९९३ च्या भूकंपाचे किल्लारी इथून जवळच, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये कलबुर्गीच्या चिंचोली तालुक्यात गडिकेश्वरच्या लोकांनी धक्क्यांच्या भीतीने रात्री घराबाहेर काढल्या.

यंत्र बसवले की चाचणी घेतात: जवळच्या जमिनीवर हातोड्याचे ठोके मारायचे आणि मिनिटभराची नोंद तपासायची. वाऱ्याची, रहदारीची गडबड वगळण्यासाठी तिला फिल्टर लावतात, समजा १ ते १० हर्ट्झचा. घोटाळा होतो तो इथेच. फिल्टरला हर्ट्झ कळत नाहीत. त्याला फक्त नमुन्यांच्या वेगाशी असलेले प्रमाण कळते. हा वेग काढतात वेळेच्या रकान्यावरून, आणि रकान्यातले आकडे सेकंद आहेत की मिलिसेकंद हे फाइल बहुधा सांगत नाही.

रकान्यात ०, १०, २० असे आकडे असतील आणि ते सेकंद समजले गेले, तर वेग सेकंदाला ०.१ नमुना ठरतो. फिल्टरची सीमा वेगाच्या निम्म्याहून कमी असावी लागते, म्हणून सॉफ्टवेअर १० हर्ट्झ नाकारते. अशा वेळी सीमा ०.०३ वर आणून काम भागवण्याचा मोह होतो. तक्रार थांबते, पण फिल्टर प्रत्यक्षात ३० हर्ट्झवर चाललेला असतो.

उलटी चूक जास्त घातक, कारण ती बोलत नाही. ०.०१ सेकंदाला मिलिसेकंद मानले की वेग एक लाख होतो, आणि १ ते १० हर्ट्झचा फिल्टर ०.००१ ते ०.०१ हर्ट्झवर जाऊन बसतो. तिथली एकेक लाट किमान १०० सेकंदांची. मिनिटाच्या नोंदीत ती पुरती मावतही नाही. ठोके गायब, रेषा जवळपास सपाट. मग यंत्रच बिघडले असे समजून केबल तपासत बसायचे!

फिल्टरला हात लावण्याआधी शेवटच्या वेळेतून पहिली वजा करावी. ६,००० नमुन्यांसाठी उत्तर ५९.९९ आले तर सेकंद, ५९,९९० आले तर मिलिसेकंद. ते सेकंद धरले तर मिनिटाची नोंद १६ तास ४० मिनिटांची होईल. वेग काढतानाही ही एकूण वेळच घ्यावी. लागोपाठच्या दोन आकड्यांतले अंतर घेतल्यास दशांश गोल केलेल्या फाइलमध्ये ते शून्यही येते.

तारखेने नोंदी निवडतानाही हाच पेच असतो. संगणक वेळ बहुधा १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतो. किल्लारीच्या धक्क्याची वेळ त्या मापात सुमारे ७४ कोटी ९३ लाख सेकंद. हा आकडा मिलिसेकंद म्हणून वाचला तर भूकंप ९ जानेवारी १९७० चा ठरतो, आणि १९९३ च्या यादीत सापडत नाही.

माप बरोबर असले तरी यूटीसीचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा, प्रश्न उरतोच. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झाला. आंतरराष्ट्रीय याद्यांत तो २९ सप्टेंबर, २२:२५ असा आहे. आपल्या ३० तारखेच्या नोंदी हव्या असतील तर अशा यादीत २९ च्या १८:३० पासून ३० च्या १८:३० पर्यंत शोधावे.