एका माणसाची तीन याने

पुतणीला घेऊन दिल्लीच्या नेहरू तारांगणात गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. राकेश शर्मांना ११ एप्रिल १९८४ रोजी पृथ्वीवर परत आणणारी सोयुझ टी-१० ची कुपी तेथे ठेवलेली आहे. (मौज अशी की, शर्मा वर गेले ते टी-११ मधून, आणि परतले ते आधीच वर जाऊन थांबलेल्या या दुसऱ्या यानातून!) चुलीवरून उतरवलेल्या हंड्यासारखी ती कुपी. पुतणी तिच्याभोवती दोनदा फिरली आणि म्हणाली, "काका, मग बाकीच्यांची यानं कुठं गेली?"

मला उत्तर देता येईना. घरी येऊन पुस्तके चाळली, आणि चाळता चाळता एकाच माणसापाशी अडकलो. व्हर्जिल ग्रिसम. सारे त्याला गस म्हणत. अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी हा एक.

२१ जुलै १९६१ रोजी तो 'लिबर्टी बेल ७' मध्ये बसून अवघ्या पंधरा मिनिटांची सफर करून आला. यान अटलांटिक महासागरात अलगद उतरले. आता हेलिकॉप्टर यायचे, की झाले! एवढ्यात दाराचे स्फोटक बोल्ट उडाले, दार गेले आणि लाटा आत शिरल्या. ग्रिसमने बाहेर उडी घेतली. हेलिकॉप्टरने यान उचलू पाहिले; पण पाण्याने ते इतके जड झाले होते की, शेवटी सोडून द्यावे लागले. इकडे ग्रिसमच्या पोशाखात उघड्या राहिलेल्या झडपेतून पाणी भरत होते. आठवण म्हणून मित्रमंडळींना वाटायला घेतलेली नाणी खिशात होती, तीही खाली ओढीत होती. दुसऱ्या हेलिकॉप्टरने त्याला कसेबसे वर घेतले.

पुढे कुजबूज सुरू झाली: घाबरला असेल, त्यानेच खटका दाबला असेल. ग्रिसम म्हणे, मी हात लावला नाही. चौकशीत तो निर्दोष ठरला. १९६२ मध्ये वॉली शिरा याने आपल्या यानाचे दार मुद्दाम खटका दाबून उडवले, तेव्हा खटक्याच्या उलट्या तडाख्याने त्याच्या हाताला इजा झाली. ग्रिसमच्या हातावर तसा ओरखडाही नव्हता. पण एकदा लागलेला बोल सहजी पुसतो थोडाच! आणि खरे सांगू शकेल असा साक्षीदार एकच. तो समुद्राच्या तळाशी.

माणूस मात्र विनोदी. २३ मार्च १९६५ रोजी जॉन यंगबरोबर तो पुन्हा निघाला, तेव्हा यानाचे नाव ठेवले 'मॉली ब्राऊन'. टायटॅनिकवरून वाचलेल्या 'न बुडणाऱ्या' बाईवर एक संगीत नाटक तिकडे गाजले होते, तिचे हे नाव. वरिष्ठांनी नाक मुरडले. दुसरे काही सुचवा म्हणाले, तर याने 'टायटॅनिक' सुचवले! मॉली ब्राऊनच कायम झाली. ते यान आज इंडियाना राज्यात, त्याच्या मिचेल गावाजवळच्या उद्यानातील स्मारकात आहे.

तिसरे यान अपोलोचे. ते कधी उडालेच नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच चाचणी चालू असताना शुद्ध प्राणवायूने भरलेल्या त्या यानात आग लागली. दार आत उघडणारे. आतला दाब वाढताच ते हलेना. ग्रिसम, एड व्हाइट, रॉजर चॅफी, तिघेही गेले. एकदा दार नको तेव्हा उघडले, एकदा हवे तेव्हा उघडले नाही. त्यानंतरच्या अपोलो यानांना काही सेकंदांत बाहेर उघडणारे दार बसवले. जळालेले यान कधी प्रदर्शनात मांडलेले नाही; व्हर्जिनियात हॅम्प्टन येथे ते बंद कोठारात ठेवले आहे. त्याचे दार मात्र पन्नास वर्षांनी, २०१७ मध्ये, केनेडी अंतराळ केंद्रात लोकांना पाहायला ठेवले.

आणि ते बुडालेले? कर्ट न्यूपोर्ट या जिद्दी गृहस्थाने २० जुलै १९९९ रोजी जवळजवळ तीन मैल खोलीतून ते वर काढले. अडतीस वर्षे खाऱ्या पाण्यात! आत चिखल होता, आणि चिखलात चांदीची नाणी. कॅन्सस राज्यातील हचिन्सनच्या संग्रहालयात भागन् भाग सुटा करून ते साफ केले. यान आता तेथेच असते.

हे सारे मी पुतणीला सांगितले. तिने एवढेच विचारले, "आणि ते उडालेलं दार?"

ते सापडले नाही. ते अजून अटलांटिकच्या तळाशी आहे.