निशाचित्रातला पूल

कलाकृतीत विषय श्रेष्ठ की रचना श्रेष्ठ, हा वाद एकदा प्रत्यक्ष न्यायालयात गेला होता. १८७७ साली लंडनच्या एका प्रदर्शनात जेम्स मॅक्नील व्हिस्लरचे आतषबाजीचे निशाचित्र पाहून जॉन रस्किनने अशी कठोर टीका केली, की चित्रकाराने त्याच्यावर बेअब्रूची फिर्याद लावली. १८७८ च्या नोव्हेंबरात खटला चालला. व्हिस्लरची अन्य चित्रेही तेथे पुरावा म्हणून दाखविण्यात आली. त्यांत टेम्स नदीवरील जुन्या बॅटर्सी पुलाचे एक चित्र होते. पुलावरच्या त्या आकृती माणसांच्या समजावयाच्या काय, अशी पृच्छा झाली. तुम्हाला वाटेल ते समजा, अशा आशयाचे उत्तर व्हिस्लरने दिले. पुलाचे हुबेहूब चित्रण करण्याचा आपला हेतूच नव्हता, असेही त्याने सांगितले.

सुमारे १८७२ ते १८७५ या काळातील हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. संगीतातील 'नॉक्टर्न' ही संज्ञा व्हिस्लरने अशा चित्रांना दिली. रात्री होडीतून नदीवर हिंडावे, दृश्य स्मरणात साठवावे आणि नंतर चित्रशाळेत पातळ, वाहत्या रंगांनी ते उतरवावे, ही त्याची रीत होती. येथे निळसर-करड्या अंधारात पुलाचा एकच खांब जवळजवळ चित्राच्या माथ्यापर्यंत चढला आहे. खाली नावेवर एकाकी नावाडी आहे. पलीकडे चेल्सीचा काठ, मिणमिणते दिवे आणि आकाशात आतषबाजीचे सोनेरी कण. वास्तविक हा लाकडी पूल इतका उंच नव्हता. हिरोशिगेच्या जपानी मुद्राचित्रांचा संस्कार या रचनेवर उघड दिसतो.

मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथाशी परिचित असलेल्या वाचकाला येथे संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे सहज आढळतील. निळ्या छटांचा संवाद, सोनेरी ठिणग्यांचा विरोध, उभ्या खांबाने साधलेला समतोल! परंतु विश्लेषण येथेच थांबविले, तर चित्र हातून निसटते. खांब खोटा उंच केल्यामुळेच पाहणारा पाण्याच्या पातळीवर, त्या नावाड्याच्या शेजारी येऊन उभा राहतो. वर दुसऱ्यांचा उत्सव, खाली याचा मूक अंधार. हा अनुभव रचनेला बाहेरून चिकटविलेला नाही, तो रचनेतूनच निर्माण झाला आहे. म्हणून पूल ओळखू येत नाही, एवढ्यावरून चित्राला दोष देणे जितके अपुरे, तितकेच येथे केवळ रंगसंगती आहे असे म्हणून त्याची तरफदारी करणेही अपुरे होय.

न्यायालयाने निकाल व्हिस्लरच्या बाजूने दिला. भरपाई मात्र एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चतुर्थांश! खर्चाने तो खचला आणि १८७९ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. टीकाकाराच्या एका वाक्याचे मोल कोणाला द्यावे लागते, हे समीक्षकांनी विसरू नये.